उंबराखालची वाटणी

उंबर फोडून केंबरे काढू नयेत, असे आपण सहज म्हणून जातो. पण ती केंबरे, म्हणजे उंबरात वाढणारे बारीक कीटक, नसती तर उंबराचा संसार एका पिढीतच आटोपला असता. आपण ज्याला उंबराचे फळ म्हणतो तो मुळात फुलांचा बंद गोळा असतो. शेकडो बारीक फुले आतल्या बाजूला दाटीने उमललेली असतात आणि बाहेरच्या जगाशी त्यांचा संबंध टोकावरच्या एका चिंचोळ्या छिद्रापुरता असतो. केंबऱ्याची जेमतेम दोन मिलिमीटर लांबीची मादी या छिद्रातून अंग रेटत आत शिरते, तेव्हा तिचे पंख बहुधा दारातच तुटून पडतात. दुसऱ्या झाडावरून आणलेले पराग ती फुलांना देते, त्यांतल्याच काही फुलांमध्ये अंडी घालते आणि तिथेच मरते.

ज्या फुलात अंडे पडले त्याचे बी होत नाही, उरलेल्यांचे होते. परागीभवनाची ही मजुरी उंबर आपल्या बियांतून मोजतो. पुढे बिनपंखी नर आधी बाहेर येतात, माद्यांशी त्यांचे मीलन होते, मग गोळ्याची भिंत पोखरून वाट करून देणे एवढेच त्यांचे आयुष्य उरते. त्याच सुमारास पिकलेल्या नर-फुलांचे पराग घेऊन माद्या त्या वाटेने उडतात. एखाद-दोन दिवसांच्या आयुष्यात त्यांना नेमक्या अवस्थेतले दुसरे उंबराचे झाड गाठायचे असते, आणि वाऱ्यावर स्वार होऊन काही जणी ते गाठतातही.

या व्यवहारात फुकटे नसतील तर नवल. काही जातींचे कीटक आत शिरण्याची तसदीच घेत नाहीत. बाहेरूनच लांब सोंडेसारखा अवयव खुपसून अंडी घालतात आणि पराग मात्र कणभरही देत नाहीत. मात्र त्यांना फळावर बराच वेळ बसून राहावे लागते आणि पाने शिवून घरटी करणाऱ्या तांबूस मुंग्या नेमक्या त्यांनाच पकडतात. ‘सहजीवन’ हा शब्द मला म्हणूनच थोडा जास्त गोड वाटतो. इथे कोणी कोणासाठी काही करत नाही. प्रत्येक जण आपापले बघतो आणि त्यातून सगळ्यांचे भागते.

कीटक उडून गेले की फळ लाल होते आणि खाणाऱ्यांची रीघ लागते. उजाडताच तांबट, बुलबुल, कोकीळ आणि हरियल येतात, सह्याद्रीच्या दाट रानात धनेश आणि शेकरूही असतात. म्हणजे आपला राज्यपक्षी हरियल आणि राज्यप्राणी शेकरू एकाच झाडावर जेवतात, याची दखल कोणी घेतल्याचे मात्र ऐकिवात नाही. भांडणे होतातच, पण एकेका झाडावर फळ इतके लगडते की सगळे एकट्याने राखणे कोणालाच परवडत नाही. अंधार पडला की वटवाघळांची पाळी. खाली पडलेले फळ भेकर, रानडुक्कर आणि साळिंदर संपवतात, ओढ्यात पडलेले मासे खातात. जगभरात पक्षी आणि सस्तन प्राण्यांच्या १२०० हून अधिक जाती उंबर-वडाच्या कुळातली फळे खातात, अशी नोंद आहे.

या कुळाचे खरे मोल उन्हाळ्यात कळते. एका उंबरावरची फळे साधारण एकदमच पिकतात, पण सगळे उंबर एकाच वेळी फळत नाहीत. त्यामुळे बाकीचे रान रिकामे असतानाही कुठेतरी एक झाड चालू असते. ऐन त्याच दिवसांत धनेशाची मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेऊन पिलांसह बसलेली असते आणि नर बारीक फटीतून तिला उंबर-वडाची फळे भरवतो.

दत्ताचे झाड म्हणून गावात औदुंबराला सहसा कोणी कुऱ्हाड लावत नाही. शहरात मात्र गाड्यांवर पडणारा चिकट सडा आणि त्यावर घोंगावणारी चिलटे सोसायटीच्या सभेत तक्रारीचा विषय होतात, आणि कच्च्या फळांसकट फांद्या उतरवल्या जातात. त्या फळांतल्या माद्या तेव्हा बाहेर पडायच्याच असतात. आणि आसपासचा जो दुसरा उंबर त्यांच्या परागांची वाट पाहत असतो, त्याची फळे कच्चीच गळतात.