कोऱ्या सीडींचा रविवार

रविवार, रात्री

आषाढीच्या आधी मंडळातल्या प्रत्येकाच्या हातात जुन्या भजनांची सीडी पडली पाहिजे, असं अण्णांचं फर्मान. कॅसेटवरून फाइली करून ठेवल्याच होत्या. पेन ड्राइव्हवर देते म्हटलं, तर निम्म्या घरांतल्या प्लेअरना यूएसबीचं भोकच नाही.

एमपी३ तशाच भरल्या असत्या तर एका सीडीत दहा-बारा तासांची भजनं मावली असती. पण हे जुने प्लेअर एमपी३ ओळखत नाहीत. त्यांना ऑडिओ सीडीच लागते, आणि तिच्यात जास्तीत जास्त ८० मिनिटं. म्हणजे निवड आली, आणि निवड म्हटली की मंडळात वाद आलाच. काकू अजून रुसल्या आहेत, त्यांची गौळण कापली गेली म्हणून.

खरा घोळ दोन सेकंदांचा होता. मागे बाहेरून करून आणलेल्या सीडीत दर ट्रॅकनंतर दोन सेकंद सगळं गप्प. सिनेमाच्या गाण्यांना ते चालून जातं. इथे अभंग संपायच्या आतच गजर उचललेला असतो, टाळ थांबतच नाहीत. आणि ऐन लयीत एकदम शुकशुकाट! अण्णा ती सीडी लावतच नसत. कारण साधं आहे. एकेक ट्रॅक सुटा लिहिला की लेझर दर वेळी थांबतो आणि मध्ये रिकामी जागा सुटते. अख्खी सीडी एका दमात लिहायला सांगायची, म्हणजे 'डिस्क ॲट वन्स', आणि गॅप शून्य ठेवायची. ट्रॅकचे नंबर तसेच राहतात, आवाज मात्र सलग.

म्हणून फाइली वॅव्हमध्ये, म्हणजे ऑडिओ सीडीला लागतो तशा न दाबलेल्या आवाजात केल्या, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट. क्रम आणि गॅप क्यू फाइलमध्ये, म्हणजे कुठला ट्रॅक कुठे ते रायटरला सांगणाऱ्या छोट्या यादीत, एकदाच बसवून टाकले. पुढच्या सगळ्या कॉपी त्याच फाइलवरून. दर वेळी नव्याने फाइली ओढत बसलं की एखाद्या कॉपीत हरिपाठ आधी आणि नमन नंतर, हे ठरलेलं. वेग १६एक्स, म्हणजे ऐकण्याच्या वेगाच्या सोळापट. भरलेली सीडी साधारण पाच-सहा मिनिटांत होते, तेवढ्यात भाजी निवडून होते. रायटर बाहेरून जोडायचा आहे, लॅपटॉपला आता ट्रे कुठला!

नावं लिहायला शेजारचा मुलगा बॉलपेन घेऊन बसला होता. हातातून काढून घेतलं. आपण खालची चकचकीत बाजू जपतो, पण सीडीत लिहिलेला थर असतो वरच्या छापील बाजूला लागून, वर फक्त लाखेचा पातळ लेप. टोकदार पेनाने तिथे ओरखडा उठला की तेवढं भजन गेलं. मऊ टोकाचा मार्कर दिला. स्टिकरही नकोत, एका बाजूला सुटले की सीडी डुगडुगते.

अण्णांनी पहिली कॉपी प्लेअरला लावली आणि थेट गजराच्या जोडावर नेली. काही बोलले नाहीत, आवाज वाढवला. मग म्हणाले, पखवाज जरा कमी ऐकू येतो. तो कॅसेटमध्येच कमी आहे, त्याला मी काय करू?

काकूंसाठी गौळणींची वेगळी सीडी करायची कबूल केली आहे. कोऱ्या सीडी पुरतील असं वाटतं.