गाडीतळावरचं उजवं वळण

ज्येष्ठ वद्य नवमीला पुण्यात आमच्या भवानी पेठेतल्या बिल्डिंगचं पार्किंग रिकामं होतं. स्कूटरी, रिक्षा, दोन कार, सगळं गल्लीत जातं. फरशी धुतली जाते, सतरंज्या पडतात. संध्याकाळी माउलींची पालखी आळंदीहून येते आणि पालखी विठोबाच्या देवळात मुक्काम करते. तिकडे नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या देवळात तुकोबांची पालखी असते. त्या दोन रात्री आमच्या भागात कुठल्याच घराचं दार लागत नाही.

आमच्या पार्किंगमध्ये उतरणाऱ्या दिंडीत जिंतूरकडच्या एक मावशी असतात. अकरा वर्षांची ओळख. २०२० आणि २०२१ साली पायी वारी झाली नाही, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. तेवढी दोनच वर्षं मावशी आल्या नाहीत. दरवर्षी मी त्यांच्या पायांना तेल लावायची, टाचेच्या भेगांत मलम भरायची आणि एकादशीच्या पहाटे पुलगेटपर्यंत सोडायला जायची. २०२४ साली मात्र पुलगेटवरून परत फिरायचं नाही, सासवडपर्यंत बरोबर चालायचं, असं ठरवलं. मंगळवार होता, २ जुलै.

कारण सांगते. मी नर्स आहे. बावीस वर्षं झाली, त्यातली सतरा आयसीयूमध्ये. गेली तीन वर्षं मनात एकच गोष्ट घोळत होती, की हे सोडावं आणि ज्यांच्यावरचे उपचार संपलेत अशा माणसांची त्यांच्या घरी जाऊन सेवा करावी. दुखणं कमी करणं, पाठीला जखमा होऊ न देणं, घरच्यांना शेजारी बसायला शिकवणं. पेठेतल्या आठ-नऊ घरांत मी हे ड्यूटी सांभाळून केलं होतं. पण घराचे हप्ते चालू, मुलगा बारावीत, माझं वय सेहेचाळीस. मन सांगतंय ते खरं आहे, की मी नुसती थकले आहे, एवढंच कळत नव्हतं.

आदल्या रात्री मावशींच्या शेजारी सतरंजीवर पडले होते. त्यांनी विचारलं, “पोरी, चुकलीस तर काय करशील?”

“फोन करेन.”

“फोन लागत न्हाई तिथं. पताका बघून जाऊ नको, पताका समद्यांच्याच असत्यात. माउलीचा रथ इचारायचा. रथ घावला की मोजायचं. आपला नंबर हाय तिथंच आपण असतो.”

वारीची ही शिस्त मी ऐकून होते, पण तिचा अर्थ त्या रात्री नीट कळला. रथापुढे सत्तावीस दिंड्या, बाकीच्या सगळ्या रथामागे, आणि प्रत्येकीची जागा ठरलेली. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात ही घडी बसवली, ती आजही मोडलेली नाही. कुठलं गाव आलं हे माहीत नसलं तरी रथापासून आपण कितवे, हे शेवटच्या वारकऱ्यालाही ठाऊक असतं.

मावशी तीनला उठल्या. गजर नाही, घड्याळ नाही. सहाच्या सुमाराला आम्ही पुलगेट ओलांडलं. पुढे फातिमानगर, रामटेकडी, वैदुवाडी. हा माझा रोजचा रस्ता, पण स्कूटरवरून तो कधी दिसलाच नव्हता. कडेला उभे राहून चहा, राजगिऱ्याचे लाडू, केळी वाटणारे लोक, टाळांचा ठेका, डोक्यावर तुळस घेतलेल्या बायकांच्या ताठ माना. पहिले दोन तास माझं चित्त फक्त पायांत होतं, आणि खूप महिन्यांनी डोकं गप्प होतं.

हडपसरला दुभाजकाच्या कडेला एक म्हातारे बाबा बसले होते. पायातला प्लास्टिकचा बूट काढलेला, टाचेवर लिंबाएवढा फोड फुटलेला, त्याला माती लागलेली. मी मावशींना म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, आलेच. बाटलीतल्या पाण्याने जखम धुतली, कापसाने टिपली, पट्टी बांधली. बाबांच्या पोटऱ्या दगडासारख्या झाल्या होत्या, त्या चोळल्या. यात पाऊण तास गेला असेल. उठले तेव्हा आमची दिंडी कुठेच नव्हती. फोन काढला, चारी काड्या दिसत होत्या, पण फोन लागत नव्हता.

हडपसरच्या गाडीतळावर दोन्ही पालख्यांच्या वाटा वेगळ्या होतात. माउलींची पालखी उजवीकडे वळून सासवड रस्त्याने दिवे घाटाकडे जाते. तुकोबांची पालखी तशीच सरळ सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरला. मला हे लहानपणापासून माहीत आहे. पण त्या दिवशी माणसाला माणूस चिकटलेलं होतं, वर पूल, पुढे नुसत्या टोप्या आणि पदर. मी गर्दीबरोबर चालत राहिले. एका स्वयंसेवकाला विचारलं, “पालखी?” तो प्रेमानं म्हणाला, “पुढेच आहे ताई, चालत राहा.” ते खोटं नव्हतंच, पालखी कुठली हे मीच विचारलं नव्हतं. आजूबाजूला तोच ज्ञानोबा-तुकारामाचा गजर, त्याच पताका, तेच पांढरे कपडे.

आणि तरी काहीतरी खुपायला लागलं. पोटात, बरगड्यांच्या खाली. चार-पाचशे पावलं गेले असेन. डोकं म्हणत होतं, एवढे लोक जातायत, सगळेच कसे चुकतील? पाय मात्र जड होत होते. मी एका बंद शटरला टेकून उभी राहिले, डोळे मिटले आणि स्वतःला विचारलं, नेमकं काय कमी आहे?

वळण कमी होतं.

माझं हॉस्पिटल सासवड रस्त्याला आहे. एकोणीस वर्षं रोज गाडीतळावर माझी स्कूटर उजवीकडे झुकते. डावा खांदा जरासा वर येतो, उजवा गुडघा आत जातो. अंगाला त्या झुकण्याची एवढी सवय, की पायी असतानाही ते त्याची वाट बघत होतं. ते झालं नव्हतं. डोळे उघडून दुकानांच्या पाट्या वाचल्या. मी सोलापूर रस्त्यावर होते.

शटरला टेकून उभी असताना मला एक रात्र आठवली. ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. ऑपरेशननंतरचा दुसरा दिवस, साधारण साठीचे गृहस्थ. मॉनिटरवर सगळे आकडे जागेवर. पण ते चादरीची कड चिमटीत धरून सारखी ओढत होते. पायाची बोटं गार होती. आणि मी “काका, बरं वाटतंय ना?” म्हटलं की “हो” यायला एक क्षण उशीर होत होता. फक्त एक क्षण. मी ड्यूटीवरच्या डॉक्टरांना फोन केला. “रिपोर्ट नॉर्मल आहेत सिस्टर, सकाळी बघू.” नेमकं काय होतंय ते मला सांगता येईना. “बरं वाटत नाहीये सर,” एवढंच म्हणू शकले. पुन्हा फोन केला नाही. साडेचारला ब्लड प्रेशर कोसळलं. संसर्ग रक्तात पसरला होता. दोन दिवसांनी ते गेले. दुसरा फोन करायला हवा होता, आणि तो मीच करायला हवा होता.

त्यानंतर मी या विषयावर हाताला लागेल ते वाचलं. गॅरी क्लाइन नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आगीचे बंब सांभाळणारे अधिकारी आणि नवजात बाळांच्या आयसीयूतल्या नर्स यांचा अभ्यास केलाय. रक्ताचा रिपोर्ट यायच्या आधीच अनुभवी नर्सना बाळाला संसर्ग झाल्याचं जाणवायचं. कसं कळलं विचारलं की त्या म्हणायच्या, बस्स, कळलं. पण बारकाईने विचारत गेल्यावर त्यांच्या तोंडून खुणा निघाल्या, आणि त्यातल्या काही पाठ्यपुस्तकातही नव्हत्या. वाचताना मला रडू आलं. चादरीची कड, गार बोटं, उशिरा आलेलं “हो”. मला दिसलं सगळं होतं, मांडता मात्र आलं नव्हतं.

पण मनाचं सगळंच खरं असतं असंही नाही. एकदा वॉर्डात पेशंटची अंगठी हरवली. माझं मन ठामपणे सांगत होतं की नवीन आलेल्या वॉर्डबॉय मामांनीच घेतली. मी त्यांच्याकडे त्या नजरेनं बघितलं, दोघींशी तसं बोललेही. अंगठी नातेवाइकांच्या पिशवीत सापडली. मी त्या मामांची माफी मागितली. त्यांनी “असू द्या सिस्टर” म्हटलं, पण पुढे कधी माझ्याकडे बघून हसले नाहीत. ते मला अजून लागतं.

दोन्ही वेळा आतून आलेला आवाज सारखाच होता. मग फरक कुठे होता? याच क्लाइन यांनी २००९ मध्ये डॅनियल काह्नमन या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञांबरोबर एक लेख लिहिला. काह्नमन हे अंतर्ज्ञानाकडे संशयानं बघणारे, तरी दोघांचं एका गोष्टीवर जमलं. जिथे गोष्टींना काही नियम असतो आणि आपलं बरोबर की चूक हे आपल्याला वेळोवेळी कळत राहतं, तिथे मुरलेल्या माणसाच्या मनावर भरवसा ठेवता येतो. आजारी माणसाबाबत मला रोज सकाळी उत्तर मिळत आलंय. रात्री जे वाटलं ते खरं ठरलं की नाही, हे सतरा वर्षं तपासलं गेलंय. चोर ओळखण्याचा मला काडीचा अनुभव नव्हता. तिथे बोलत होता तो माझा पूर्वग्रह, आणि मी त्याला मन म्हटलं होतं.

म्हणून आता काही वाटलं की मी स्वतःला विचारते: बाई, या वाटेनं तू किती वेळा गेली आहेस?

मागे फिरले. समोरून येणाऱ्या लोंढ्यातून उलटं जाणं फार अवघड गेलं. “ताई, तिकडं कुठं?” असं किती जणांनी विचारलं. गाडीतळावर उजवीकडे वळले आणि खरंच सांगते, खांदा आपोआप वर आला. भेकराईनगर, उरुळी देवाची, मग वडकी. माउलींचा दुपारचा विसावा तिथे होता. मी रथ विचारला. रथापासून दिंड्या मोजत मागे गेले आणि जिथे असायला हवी होती तिथेच, एका ट्रकच्या सावलीत, मावशी पाय पसरून बसल्या होत्या. पदराखाली झाकलेली उपासाची खिचडी पुढे केली.

“बाबाचा पाय कसा हाय?” त्यांनी पहिला प्रश्न हा विचारला.

दिवे घाटाबद्दल सगळे लिहितात, मी थोडंच सांगते. रथाला जादा बैलजोड्या लावतात. खाली मस्तानी तलाव दिसतो आणि मागे वळून पाहिलं तर वळणावळणाने चढणारी माणसं, अगदी पायथ्यापर्यंत. निम्मा घाट झाल्यावर मावशी थांबल्या, पिशवीतून प्लास्टिकचा कागद काढला आणि मला म्हणाल्या, “घे डोक्यावर.” पाऊस नव्हता. चार-पाच मिनिटांनी आला. मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? त्या गोंधळल्या. “कसं म्हंजी? वारं फिरलं की.” मी वाऱ्याकडे लक्षच दिलं नव्हतं. आयुष्यभर कोरडवाहू शेतावर आभाळाकडे बघत बसलेल्या बाईला घाटातला वारा न सांगता काय राहील?

चालता चालता त्यांना माझं सांगितलं. नोकरी, हप्ते, घरोघरी जायचं मनात आहे ते. त्यांनी बराच वेळ काही म्हटलं नाही. मग विचारलं, “माणसं जातानी तुला भ्या वाटतं का?”

“नाही वाटत. पैशाचं वाटतं.”

“मंग पैशाचं निराळं मोज,” त्या म्हणाल्या, आणि पुन्हा टाळाच्या ठेक्यावर चालू लागल्या.

सासवडला पोचलो तेव्हा अंधार पडला होता. सोपानदेवांची समाधी असलेलं गाव. तीस किलोमीटरच्या वर चाल झाली होती आणि माझी डावी टाच म्हाताऱ्या बाबांच्या टाचेसारखीच फुटली होती. रात्री तळावर समाजआरती झाली. सगळ्या दिंड्या पालखीभोवती गोल उभ्या राहिल्या, टाळ-मृदंगाचा एकच कल्लोळ. चोपदारांनी चोप उंचावला आणि हजारो माणसं एका क्षणात शांत झाली.

एक दिंडी तेवढी गप्प बसली नाही. तिचे टाळ वाजतच राहिले. मी दचकले. मावशी कानाशी कुजबुजल्या, “गाऱ्हाणं हाय त्यांचं.” ज्या दिंडीची काही तक्रार असते तिने टाळ थांबवायचे नाहीत, अशी रीत आहे. कुणी त्यांच्यावर ओरडलं नाही. चोपदार तिकडे गेले, उभं राहून ऐकून घेतलं. मग ते टाळ थांबले. त्यानंतर हरवलं-सापडलेल्या वस्तूंचा पुकारा सुरू झाला. कुणाची चष्म्याची डबी, कुणाची पिशवी, कुणाची सात-आठ वर्षांची नात.

तंबूच्या मागे जाऊन फोन लावला. या वेळी लागला.

“पोचलीस का?” ह्यांनी विचारलं.

“पोचले. अहो, गुरुवारी ड्यूटीवर गेले की राजीनाम्याचं पत्र देणार आहे. नोटीस तीन महिन्यांची आहे. तेवढ्यात हप्त्यांचा हिशोब बसवू. आठ घरं आधीच विचारतायत, मी मोजलीयेत.”

पलीकडे बराच वेळ शांतता होती. पंखा फिरल्याचा आवाज येत होता.

“बरं,” हे म्हणाले. “जेवलीस का?”

“अहो, आज एकादशी.”

“मग फराळ कर काहीतरी. आणि टाचेला पट्टी बांध.”

टाचेबद्दल मी त्यांना काही सांगितलं नव्हतं.