आमची वाटचाल: एका खान्यातले तीन गट नंबर

दारव्ह्यात जिनिंग, अडत आणि कृषी केंद्रांची सॉफ्टवेअरं करतो. सुरळीत वर्षांचं काय लिहायचं? फर्म बुडता बुडता राहिली ती स्वल्पविरामापायी, तेवढं सांगतो.

पहिलं गिऱ्हाईक जिनिंगवाले काका. आमच्या आधीच्या मोठ्या कंपनीने त्यांचा डेटा असा ठेवलेला: गट नंबरच्या खान्यात '१२/१,४५,११२', शेजारी क्षेत्र '०.८१,,०.४०'. गट १२ शोधायला लाइक (मजकुरात कुठेही जुळणी शोधणारी अट) लावला की ११२ पण हजर. आणि हेच लोक आमच्या कामाला पोरखेळ म्हणत फिरले!

तेव्हा डेटाबेस होता एसक्यूएल सर्व्हर, आवृत्ती २०१२. यादी फोडायची, म्हणजे एकेक आकडा वेगळ्या ओळीत आणायचा होता. एक्सएमएल (खुणांमध्ये बांधलेला मजकूर) करून फोडायची युक्ती गट नंबरांवर चालली. पार्टीच्या नावात अँडचं चिन्ह आलं की क्वेरी आडवी. व्हाइल लूप, एकेक तुकडा फेऱ्या मारून काढणारा, म्हणजे बैलगाडी. टिकली ती १ ते ८००० आकड्यांची टेबल: यादीच्या दोन्ही टोकांना स्वल्पविराम लावायचा, जिथे स्वल्पविराम सापडेल तिथून पुढच्यापर्यंत सबस्ट्रिंग (मधला तुकडा) घ्यायची. जागेचा आकडा हाच क्रम.

आवृत्ती २०१६ वर गेलो, पण यादी फोडणारं तयार फंक्शन स्ट्रिंग_स्प्लिट मिळेना. कंपॅटिबिलिटी लेव्हल (डेटाबेस कोणत्या आवृत्तीसारखा वागेल ते ठरवणारी सेटिंग) ११० वरच राहिली होती, १३० केली. मग ऐन हंगामात काकांनी वही समोर टाकली, "भाऊ, माणसं कुठी गेली हो?" गटाचा खाना नल (काहीच न भरलेला) असलेले शेतकरी क्रॉस अप्लायने गाळले होते; ते प्रत्येक ओळीवर फंक्शन चालवतं आणि काही न मिळालेली ओळ टाकून देतं. अशी ओळही ठेवणारं आउटर अप्लाय लावल्यावर परत आले. रिकामी स्ट्रिंग मात्र एक रिकामी ओळ देते, तिची गल्लत नको.

खरा घात क्रमाने केला. स्ट्रिंग_स्प्लिट ओळींच्या क्रमाची हमी देत नाही, आणि आम्ही रो_नंबरच्या (ओळींना अनुक्रमांक देणाऱ्या फंक्शनच्या) भरवशावर गट न् क्षेत्र जुळवत होतो. मुकाट्याने आकड्यांच्या टेबलवर परतलो. एसक्यूएल सर्व्हर २०२२ पासून स्ट्रिंग_स्प्लिटला तिसरा आर्ग्युमेंट १ दिला की ऑर्डिनल, म्हणजे तुकड्याच्या क्रमांकाचा, कॉलम मिळतो. दोन्ही याद्या त्यावरच जोडा. जोडण्याआधी रिकामे तुकडे गाळून नव्याने क्रमांक देऊ नका, नाहीतर ११२ चं ०.४० गट ४५ ला चिकटतं. ट्रिम (कडेच्या स्पेस काढणं) विसरलात तर स्पेसवाला ' ४५' वेगळाच गट होतो.

नव्या पोरांनो, रोज फोडत बसू नका. एकदाच फोडा, शेतकरी-गट अशी वेगळी टेबल करा, दोन्हींवर मिळून युनिक की (तीच जोडी दुसऱ्यांदा येऊ न देणारी अट) द्या. काकांनी जुना खाना अजून काढू दिलेला नाही. त्यात नवं काही भरता येत नाही, एवढंच.