किल्ली कोणाकडे गं?

मंगळवार, रात्री उशिरा

नव्या जुळवलेल्या कॉम्प्युटरचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला, त्याखाली दादाने लिहिलं, "भारी! किल्ली कोणाकडे गं?" पुढे एक हसरा चेहरा. संपलं. सकाळपासून तेवढंच डोक्यात घोळतंय. बाकीच्यांनी आपापल्या परीने लिहिलं. वहिनीचा अंगठा. आत्याचं "छान आहे, पण जुना का घेतलास?" मामेभावाने ग्राफिक्स कार्ड कुठलं विचारलं, त्याला लगेच उत्तर दिलं. दादाच्या मेसेजखाली मात्र अजून काही लिहिलेलं नाही.

चिडवतोय का? की खरंच काही आठवत नाही, फोटोत कुलूप दिसलं म्हणून सहज विचारलं? की सगळं आठवतंय, आणि आठवतंय हे मला कळावं म्हणून विचारलं? तिसरं असेल तर बरं, असं आधी वाटलं. मग तेच जास्त लागलं. असो. आधी कामाचं लिहू.

रविवारी मशीन उभं राहिलं. कॅबिनेट, म्हणजे बाहेरची पेटी, सिल्व्हरस्टोनचं, एफएलपी-02. कंपनी तैवानची. 2023 च्या एप्रिल फूलला त्यांनी जुन्या पद्धतीच्या आडव्या, फ्लॉपीवाल्या कॅबिनेटची गंमत केली होती. लोक हसून गप्प बसतील तर ना, सगळे "खरंच काढा" म्हणून मागे लागले. पुढच्या वर्षी कंपनीने ते खरंच करून दाखवलं. माझं त्याच्या पाठचं, उभं. तोच बिस्किटी रंग, पुढे फ्लॉपी ड्राइव्हची सोंगं घेतलेली झाकणं, टर्बोचं बटण, आकड्यांची छोटी खिडकी आणि कुलूप. कुठून कसं मागवलं आणि कितीला पडलं ते इथे लिहीत नाही, घरातलेही वाचतात.

खोक्यातून काढलं तेव्हा रंगच चुकल्यासारखा वाटला. सांगलीच्या घरचा आपला जुना कॉम्प्युटर पिवळट होता, हा केवढा फिकट. मग लक्षात आलं, तोही आला तेव्हा असाच असणार. आग लागू नये म्हणून त्या प्लॅस्टिकमध्ये ब्रोमीनची संयुगं घालायचे आणि उन्हाने ते पिवळं पडत जायचं, खिडकीकडची बाजू आधी. मला आठवतो तो पिवळा पडलेलाच. नवा होता तेव्हा जवळ बसून पाहायला मिळालाय कुठे.

हे बघा, आलंच.

नाही, आधी मशीन. आतलं सगळं आजचं: रायझेन 5 7600 प्रोसेसर, बी650 मदरबोर्ड, 32 जीबी डीडीआर5 रॅम, एक टीबीची एनव्हीएमई डिस्क. रॅम मिळाली ती नेमकी रंगीत दिव्यांची. या कॅबिनेटला काच नाही, चारी बाजूंनी बंद, त्यामुळे आत डिस्को चालू आहे आणि बघायला कोणी नाही. प्रोसेसर बसवताना ती बाजूची तार दाबली की जो करकर आवाज येतो, त्याने अजूनही पोटात गोळा येतो. एएम5 या सॉकेटच्या पद्धतीत पिना प्रोसेसरच्या पोटाला नाहीत, बोर्डावरच्या सॉकेटात आहेत, 1718. एक जरी वाकली तरी बोर्ड गेला. सगळ्यात जास्त वेळ मात्र पुढच्या पॅनेलच्या वायरींनी खाल्ला. पॉवर, रीसेट, हार्ड डिस्कचा दिवा. इतक्या वर्षांत प्रोसेसर कुठल्या कुठे गेले, पण या वायरींचं टोक अजून तेच, नखाएवढं, आणि कुठली पिन प्लस कुठली मायनस ते अजून टॉर्च मारूनच बघावं लागतं. माझ्या चाळिशीच्या चष्म्यातून.

पहिल्यांदा बटण दाबलं तर पंखे फिरतायत आणि पडदा काळा. डीडीआर5 पहिल्या वेळी स्वतःचं जुळवून घेते, त्याला काही मिनिटं लागतात, हे वाचून माहीत होतं. तरी तेवढ्या वेळात सगळे पैसे पाण्यात गेल्याचं दुःख करून झालं. लेक मागे उभा. "आई, गेलं का?" गेलं नव्हतं.

लिहायचं होतं ते हे नाहीच.

सांगलीच्या कॉम्प्युटरची किल्ली दादाच्या एम-80 गाडीच्या जुडग्यात असायची. छोटी, गोल, पोकळ नळीसारखी. ती फिरवली की कीबोर्ड बंद. कुलूप असताना मशीन चालू केलं तर काळ्या पडद्यावर इंग्रजीत पाटी यायची, कीबोर्डला कुलूप आहे, उघडा. ती पाटी मी भरपूर वाचलेली आहे. जिन्यात जुडगा वाजला की समजायचं, आता उघडेल. इंजिनिअरिंग त्याचं, बाबांनी पीएफमधून उचल घेतलेली त्याच्यासाठी, आणि बिघडला तर बघणार कोण? सगळं बरोबरच होतं. घरात यावर कधी आवाजही चढला नाही. माझ्यासाठी टायपिंगचा क्लास लावला. इंग्रजी तीस, मग चाळीस, मग मराठी तीस. करंगळीला न झेपणाऱ्या त्या रेमिंग्टनच्या कळा. मला आवडायचं ते, हेही लिहून ठेवते, नाहीतर उगाच बिचारी दिसेन.

आणि गंमत अशी, की घरात सगळ्यात झरझर बोटं चालायची ती माझी. दादाचा प्रोजेक्ट रिपोर्ट वर्डस्टारमध्ये, म्हणजे तेव्हाच्या टायपिंगच्या प्रोग्रॅममध्ये, मीच टाईप केला. रात्रीची जेवणं झाली की किल्ली फिरायची. मी खुर्चीवर, तो शेजारी स्टुलावर, हातात कच्चे कागद. तो वाचणार, मी मारणार. पान झालं की कंट्रोल-के-एस, म्हणजे सेव्ह. त्या रात्रीपुरतं संपलं की कंट्रोल-के-डी, म्हणजे सेव्ह करून फाईल बंद, आणि दादा म्हणायचा, "ऊठ." रागाने नाही, अगदी साधं. मी उठायचे. किल्ली फिरायची. रिपोर्टच्या पहिल्या पानावर चार मुलांची नावं होती. तीही मीच टाईप केली, ठळक अक्षरात, मधोमध.

आता हे लिहिताना कळतंय की मला पाटीचा राग नाही, "ऊठ"चाही नाही. मी इतक्या शहाण्यासारखी उठायचे, त्याचा आहे.

दादाने नंतर माझ्यासाठी काय काय केलं ते सांगायला बसले तर हे सगळं हास्यास्पद दिसेल. बाबांच्या वेळी तर... ते नको. तरी एवढ्या सगळ्यातून माझ्या मनाने धरून काय ठेवलं, तर एक बोटभर किल्ली. आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर मी पदरचे पैसे घालून काय आणलं, तर एक कुलूप. साधं, चांगलं, काचेचं कॅबिनेट याच्या निम्म्या पैशांत मिळत होतं. हवा जास्त खेळते, दिवे दिसतात. लेकानेही तेच सुचवलं होतं. मी म्हटलं, मला जुना लूक आवडतो. लूक!

रविवारी त्या नखाएवढ्या वायरी लावताना एक गोष्ट नीटच दिसली. तेव्हाचं ते कुलूप म्हणजे काय होतं, तर बोर्डावरच्या दोन पिना. किल्ली फिरवली की त्या जोडल्या जाणार आणि कीबोर्डचं म्हणणं बोर्ड ऐकणार नाही. मागचे स्क्रू काढून, झाकण सरकवून ती एवढीशी वायर उपटली असती तरी संपलं होतं. शिवाय त्या गोल किल्ल्या बहुतेक कॅबिनेटांना सारख्याच असायच्या. दादाच्या मित्राची किल्ली आमच्या कुलपाला लागली होती, माझ्या डोळ्यांदेखत, दोघं खिदळले होते. म्हणजे अडवत काहीच नव्हतं. स्क्रूड्रायव्हर आईच्या शिलाई मशीनच्या खणात असतो हे मला माहीत होतं. दुपारी घरात कोणी नसायचं. तरी मी मुकाट्याने पाटी वाचायचे आणि मशीन बंद करायचे.

दादावर चिडायला किती सोपं आहे. हे कुठे नेऊन ठेवायचं?

तेव्हा बंद करणंही काय झोकात असायचं. पुढचं बटण थेट 230 व्होल्टच तोडायचं, खट्ट. 1995 साली एटीएक्स ही बोर्ड-कॅबिनेटची नवी पद्धत आली तेव्हापासून बटण म्हणजे नुसता अर्ज. दाबलं की बोर्डाकडे जातो, बोर्ड विंडोजला विचारतो, मग विंडोजच्या सवडीने मंजुरी. नव्या कॅबिनेटचं कुलूप या अर्जावर बसवलंय. किल्ली फिरवली की बटण कितीही दाबा. कीबोर्ड आपला चालूच, येईल त्याने बसावं. किल्ली सध्या माझ्या पर्समध्ये आहे. का, ते कोणी विचारू नये.

आज संध्याकाळी लेक म्हणाला, "मी बसू का?" असा अंगावर काटा आला. "विचारतोस काय, बस की," म्हटलं, जरा जास्तच जोरात. तो बिचकला. मग चार मिनिटांत उठला. त्याच्या खोलीतल्या मशीनला ग्राफिक्स कार्ड आहे, माझ्याला नाही. मनाचा मोठेपणा दाखवायची संधीसुद्धा मिळेना.

तेव्हा जरा हसू आलं, आणि तिथून रात्र बरी गेली.

साडेदहाला दादाला मेसेज केला. ग्रुपवर नाही, वेगळा. किल्लीचं नाही काढलं. म्हटलं, जरा याचीही हवा काढू. आपल्या त्या कॉम्प्युटरवर टर्बो दाबला की आकड्यांच्या खिडकीत 33 मेगाहर्ट्झचे 66 व्हायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दाखवलं जायचं, आठवतं ना? तर तो आकडा खरा नव्हता. तो वेग मोजायचाच नाही. आकड्याच्या मागे जंपर, म्हणजे पिना जोडणाऱ्या छोट्या टोप्या, असायचे, लावणारा लावेल तो आकडा दिसायचा. आणि टर्बोने वेग वाढायचा नाहीच. टर्बो सोडला की मशीन मुद्दाम हळू व्हायचं, कारण जुने खेळ आणि प्रोग्रॅम पहिल्या पीसीच्या 4.77 मेगाहर्ट्झच्या चालीवर बेतलेले, नव्या मशीनवर ते सुसाट सुटायचे. हे सगळं व्यवस्थित लिहून पाठवलं. फार बरं वाटलं.

मिनिटभरात फोनच आला. हसतोय. मला बोलूच देईना.

"अगं, मला सांगतेस? ते 66 मीच केले होते!"

आपला 66 नव्हताच म्हणे. साधा 486 डीएक्स, 33 चा. दुकानदाराने इमानदारीत 33 लावून दिले होते. मग समोरच्यांकडे डीएक्स2-66, म्हणजे खराखुरा 66 चा, आला. झालं. एका दुपारी, घरात कोणी नसताना, आईच्या मशीनच्या खणातला स्क्रूड्रायव्हर घेऊन याने झाकण काढलं आणि जंपर बदलत बसला. आधी 88 आले, मग 6 उलटा आला, कागदावर आकडा काढून एकेक रेघ जुळवली. टर्बो असताना 66, नसताना 33.

"आणि बाबा?"

"बाबा सगळ्यांना अभिमानाने दाखवायचे ना गं ते. कसं सांगणार?"

मग दोघंही थोडा वेळ काही बोललो नाही. मग त्याने विचारलं, आत कुठला प्रोसेसर घातलास? सांगितलं. बूस्टला 5.1 गिगाहर्ट्झपर्यंत जातो म्हटल्यावर तोंडाने गणित केलं त्याने, 33 ला किती पट. "दीडशे पट गं!" नुसत्या आकड्यांच्या भागाकाराला काही अर्थ नाही, हे त्यालाही कळतं आणि मलाही. पण खूश झाला. तेवढ्यात वहिनीने मागून काहीतरी विचारलं आणि फोन ठेवला.

किल्लीचं त्याने काढलं नाही, मीही नाही. सहजच विचारलं असेल. नसेलही. तो चोरून झाकण उघडत होता आणि मी पाटी वाचत होते, तेही एकाच घरात, त्याच स्क्रूड्रायव्हरपासून दहा पावलांवर. ग्रुपवर मात्र अखेर उत्तर लिहिलं: "माझ्याकडे." हसरा चेहरा टाकू की नको यात वेळ गेला. नाही टाकला.

उद्या ऑफिसचं काम याच मशीनवर काढायचंय. आज एक एक्सेल उघडून पाहिली, मांजरीच्या पावलांनी चालतं सगळं, आवाज म्हणून नाही. टर्बोला आता एकच काम उरलंय, दाबला की पंखे फुल. आकड्यांच्या खिडकीत पंख्यांचा वेग चढत जातो, टेबल थरथरतं, पडदे हलल्याचा भास होतो, आणि पलीकडच्या खोलीतून हेडफोन काढून "आई, प्लीज!" असं ओरडणं ऐकू येतं. फाईल काही लवकर उघडत नाही, माहितीये मला. तरी बसले की आधी तेच दाबते.