सरासरी वारा

मोबाइल म्हणत होता, वारा ताशी १२ किलोमीटर. गॅलरीत तुळशीचं पानही हलत नव्हतं. मग एकच झोत आला, दोरीवरचा टॉवेल चिमट्यासकट खालच्यांच्या गॅलरीत गेला आणि पुन्हा सगळं ठप्प. ताशी १२ने वाहणारा वारा मला आजवर भेटलेला नाही. सरासरी या प्रकारावर माझा जुनाच राग आहे.

आजोळी उफणणीला आजोबा तिवईवर उभे असत, भरलेलं सूप डोक्याच्या वर. वारा पडलेला. हाताला रग लागली तरी सूप खाली यायचं नाही. मग आम्हाला काहीच कळायच्या आत ते सूप हलवू लागत आणि पाठोपाठ वारा येई. ज्वारी पायाशी, भूस पलीकडे, थोडं आमच्या डोळ्यांत. सकाळभराचं काम चार झोतांत उरके. बाकी नुसती वाट बघणं.

१९४१ साली रशियन गणिती आंद्रेई कोल्मोगोरोव्ह यांनी खवळलेल्या प्रवाहाचं गणित मांडलं. मोठे भोवरे फुटून लहान होतात, ते आणखी लहान, शेवटी त्यांची ऊर्जा उष्णता होऊन विरते. किती विरते याची फक्त सरासरी घ्यायची, की ऊर्जेच्या वर्णपटाला, म्हणजे कोणत्या आकाराच्या भोवऱ्यांत किती ऊर्जा या हिशेबाला, उणे पाच तृतीयांश हा घातांक मिळतो. वाऱ्यात मोजा, समुद्रात मोजा, जवळपास तोच येतो. इथे माझाही राग गप्प बसतो.

भौतिकशास्त्रज्ञ लेव्ह लांडाऊ यांनी मात्र शंका काढली: ऊर्जा सगळीकडे सारखी विरतच नसेल तर? १९४९ साली बॅचलर आणि टाउनसेंड यांनी वेग मोजायला प्रवाहात तापवलेली तार धरून पाहिलं. बारीक भोवऱ्यांची हालचाल मधूनच उसळत होती, मधे बराच वेळ शांत. दोन बिंदूंच्या वेगांतला फरक घेऊन त्याच्या घातांची सरासरी काढत गेलं, की घनाला कोल्मोगोरोव्ह यांचा जुना नियम चोख बसतो. चौथ्या, सहाव्या घातापासून मोजकेच दांडगे झोत सगळी बेरीज खाऊन टाकतात आणि घातागणिक मिळणाऱ्या घातांकांची सरळ यायची ती रेषा खाली वाकते. ती किती वाकते यासाठी पुढे पारिसी आणि फ्रिश यांचं बहुभंजी (मल्टिफ्रॅक्टल) चित्र आलं, इतरही पुष्कळ आली. पण प्रवाहाच्या मूळ नेव्हिए-स्टोक्स समीकरणांतून हे वाकणं काढून दाखवणं अजून कुणाला साधलेलं नाही.

कोल्मोगोरोव्ह यांनी आपल्या नियमाला स्वतःच केलेली दुरुस्ती १९६२ साली छापून आली. लांडाऊंच्या शंकेचा उल्लेख त्यात सुरुवातीलाच आहे. त्याच वर्षी जानेवारीत, बर्फाळ रस्त्यावर, लांडाऊंच्या मोटारीची ट्रकशी टक्कर झाली. ते वाचले, त्या वर्षीचं नोबेलही त्यांना मिळालं. भौतिकशास्त्राकडे मात्र ते परत येऊ शकले नाहीत.