किडनी ट्रेमधले बुडबुडे

गेल्या श्रावणात गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रावर आम्ही छापलेला स्टेथोस्कोप घेऊन गेलो होतो. छापलेला म्हणजे फोंड्यातल्या आमच्या कार्यशाळेत थ्रीडी प्रिंटरवर केलेला. आराखडा आमचा नव्हे. गाझात नाकेबंदीमुळे साधे स्टेथोस्कोपही पुरेसे मिळेनात, तेव्हा डॉ. तारेक लूबानी यांनी ‘ग्लिया’ प्रकल्पातून तो विकसित केला आणि सगळ्यांसाठी खुला ठेवला. २०१८ साली ‘प्लॉस वन’ या संशोधन नियतकालिकात त्याची चाचणी प्रसिद्ध झाली. लिटमन या नामांकित कंपनीच्या स्टेथोस्कोपच्या तोडीचा आवाज, आणि साहित्याचा खर्च पाच डॉलरच्या आत!

डॉक्टरबाईंनी स्टेथोस्कोपच्या, छातीला टेकणाऱ्या पातळ पडद्यावरून नख फिरवून पाहिलं. काजूच्या बागेत राबणारे एक आजोबा दम लागतो म्हणून आले होते. त्यांना विचारूनच बाईंनी आधी स्वतःच्या स्टेथोस्कोपने तपासलं, निदान त्यावरच केलं, आणि मग आमचा लावला. पुन्हा लावला. म्हणाल्या, “श्वास ठीक येतोय, पण हृदयाचे ठोके दबलेत. हा असा नाही चालणार.”

खोल आवाज दबला म्हणजे कुठून तरी हवा गळतेय, एवढं मला कळत होतं. पण कुठून? तेवढ्यात सिस्टर किडनी ट्रेमध्ये, म्हणजे दवाखान्यातल्या मूत्रपिंडाच्या आकाराच्या तबकात, पाणी घेऊन आल्या. “दादा, नळी सोडवा बघू.” चेस्टपीस, म्हणजे छातीला लावायचा गोल भाग, पाण्यात बुडवून त्यांनी नळीतून सिरिंजने हळूच हवा सोडली, सायकलचं पंक्चर काढताना बघतात तसं. पडद्याच्या कडेने काहीच आलं नाही. नळी बसते त्या मानेजवळ, प्लास्टिकच्या दोन थरांमधून मात्र बारीक बुडबुड्यांची ओळ वर आली.

दोष पावसाळ्याचा होता. छपाईसाठी वापरतो ती पीईटीजी या प्लास्टिकची तार हवेतला ओलावा शोषते. प्रिंटरच्या तोंडाशी २३० अंशांच्या वर त्या ओलाव्याची वाफ होते आणि थरांत भोकं राहतात. गोव्याच्या दमट हवेत नव्या रिळालाही हे चुकत नाही. तार ६५ अंशांवर तासन्‌तास वाळवली, मानेची भिंत आराखड्याच्या फाईलमध्येच जाड केली आणि भाग पुन्हा भरीव छापला. पुढच्या खेपेला बाईंनी दोन्ही स्टेथोस्कोप आळीपाळीने लावून पाहिले आणि मान डोलावली.

मला खुल्या आराखड्याचं खरं मोल स्वस्ताईपेक्षा इथे वाटतं. बंद डबा असता तर तो दुरुस्तीला गेला असता आणि कुठे चुकलं ते सिस्टरना कधी कळलंच नसतं. इथे त्यांनी दोष दाखवला आणि आराखडाच सुधारला. त्यांची पाण्याची चाचणी आता आमच्या मराठी माहितीपत्रकात आहे. ती झाल्याशिवाय एकही नग बाहेर जात नाही.

डॉक्टरबाईंनी आता बाळांसाठी लहान व्यासाचा चेस्टपीस मागितला आहे. त्याचा पहिला नमुना छापायला लावलाय.