काय बदललं, ते फाइल सिस्टिमलाच विचारा

ठाण्यात चरईतल्या आमच्या दुकानात जुने कागद स्कॅन होतात. लग्नाचे अल्बम, जमिनीचे दस्त, कुणाच्या घरच्या मोडीतल्या वह्या. ए-फोरचं एक रंगीत पान ६०० डीपीआयला घेऊन टिफमध्ये न दाबता ठेवलं, की साधारण १०० एमबी होतात. दुकान तळमजल्यावर, त्यामुळे पावसाळ्याची धास्ती कायमची. म्हणून सगळ्याची एक प्रत ऐरोलीला मामेभावाच्या घरच्या मशीनवर जाते.

हे काम आधी आरसिंक हा दोन मशीनमधल्या फाइली जुळवणारा प्रोग्रॅम करायचा. एकदा काकांनी 'नवीन' नावाच्या फोल्डरला त्या घराण्याचं नाव दिलं आणि सकाळी मला विचारलं, "अगं, पानं तीच आहेत, मी नुसतं नाव बदललं. मग रात्रभर एवढं काय पाठवतंय हे?" प्रश्न अगदी रास्त होता. आरसिंकला नाव बदलणं हा प्रकारच कळत नाही. त्याच्या लेखी जुनं फोल्डर गेलं, नवं आलं, म्हणून सगळं पुन्हा पाठवायचं. शिवाय ते एरवी फक्त फाइलचा आकार आणि बदलाची वेळ बघतं. गिऱ्हाइकांची ओळखपत्रं आम्ही व्हेराक्रिप्टच्या कंटेनरमध्ये, म्हणजे पासवर्डने कुलूपबंद केलेल्या एका मोठ्या फाइलमध्ये, ठेवतो. त्या कंटेनरचा आकार ठरलेला असतो, आणि मूळ सेटिंगमध्ये व्हेराक्रिप्ट बदलाची वेळही जुनीच ठेवतं. आत कितीही भर पडली तरी आरसिंक ती फाइल सोडून पुढे जातं. चेकसम, म्हणजे मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा, लावला तर पकडेल, पण मग रोज दोन्हीकडची सगळी डिस्क वाचायची.

ज्या फाइल सिस्टिमने, म्हणजे डिस्कवर फाइली मांडणाऱ्या व्यवस्थेने, बदल लिहून घेतला, तिच्याकडे नोंद असतेच. बीटीआरएफएस आणि झेडएफएस या दोन्ही फाइल सिस्टिमी जुन्या ब्लॉकवर न लिहिता नव्या जागी लिहितात, आणि तो ब्लॉक कोणत्या व्यवहारात लिहिला गेला त्याचा क्रमांक त्यांच्या नोंदींच्या झाडातच राहतो. एखाद्या फांदीचा क्रमांक जुन्या स्नॅपशॉटच्या, म्हणजे एका क्षणी जशीच्या तशी गोठवलेल्या स्थितीच्या, आधीचा निघाला, की तिच्याखाली उतरायचंच नाही. वेळ लागतो तो बदल किती झाले त्यावर, एकूण फाइली किती त्यावर नाही. मला यातलं सर्वांत सुंदर हेच वाटतं.

झेडएफएसवाल्यांचं सोपं आहे: 'झेडएफएस डिफ' या कमांडला दोन स्नॅपशॉट द्या, बदललेलं, नवं, काढलेलं आणि नाव बदललेलं असं वेगवेगळ्या खुणांनी समोर येतं. आमच्याकडे बीटीआरएफएस आहे. तिथे बरेच जण 'फाइंड-न्यू' ही कमांड सुचवतात. बॅकअपसाठी मी ते मुळीच वापरणार नाही. ते नव्याने लिहिलेला मजकूर दाखवतं. काढून टाकलेली फाइल त्यात दिसत नाही, नुसतं नाव बदललेलीही नाही. काय गेलं हे न सांगणारी यादी अर्धीच.

खरं उत्तर बीटीआरएफएसच्या 'सेंड' या कमांडमध्ये आहे. लिनक्सच्या ३.६ आवृत्तीपासून, म्हणजे २०१२ पासून, ते कर्नलमध्ये, लिनक्सच्या गाभ्यातच, आहे. दोन रीड-ओन्ली स्नॅपशॉट घ्यायचे, जुना पेरेंट, म्हणजे तुलनेचा आधार, म्हणून द्यायचा, 'नो-डेटा' लावायचं आणि निघालेला प्रवाह 'रिसीव्ह'ला 'डंप' सांगून वाचायचा. मजकूर न पाठवता फक्त हालचाली दिसतात. काकांचं ते अख्खं फोल्डर इथे एका 'रीनेम'च्या ओळीत येतं, सोबत वेळा बदलल्याच्या एकदोन ओळी. कंटेनरही दिसतो, त्यातले नेमके बदललेले तुकडे दिसतात.

ही यादी वाचताना एक गोष्ट जपा. नवी फाइल आधी 'ओ २५७' अशा धर्तीच्या तात्पुरत्या नावाने तयार होते आणि नंतरच्या 'रीनेम'मध्ये तिला खरं नाव मिळतं. स्क्रिप्टने फक्त निर्मितीच्या ओळी उचलल्या, तर हाती निरर्थक नावं लागतात. नावांचा माग शेवटपर्यंत काढावा लागतो. आणि डीफ्रॅग, म्हणजे फाइलचे विखुरलेले तुकडे सलग मांडणं, चालवलंत तर मजकूर तोच असूनही जागा बदलते, त्यामुळे त्या फाइली बदललेल्या म्हणून येतात. आमच्या मशीनवर डीफ्रॅग बंद आहे.

ज्या जुन्या स्नॅपशॉटवरून फरक काढायचा, तो दोन्हीकडे शाबूत हवा. म्हणून ऐरोलीला नवा पूर्ण पोहोचल्याशिवाय ठाण्यातला जुना काढत नाही.

आता रोज रात्री आधी यादी निघते, मग खरं पाठवणं. यादीत 'अनलिंक'च्या, म्हणजे फाइल काढल्याच्या, ओळी नेहमीपेक्षा फारच जास्त दिसल्या, तर स्क्रिप्ट पाठवणं थांबवते आणि मला मेसेज करते. मी काकांना विचारून घेते, मगच पुढे.